शाईने लिहिलेलं सहा-तीन

ऑल्डरपोर्टात एमिल व्राना रस्ता ओलांडायला लागला, की समोरच्या फुटपाथवरून कुणी ना कुणी ओरडतंच, "वर बघ, एमिल!" न्हावी ओरडतो, टपालवाला ओरडतो, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या बायकासुद्धा तोंडाला रुमाल लावून पुटपुटतात. एमिल टोपीला हात लावतो आणि चालू पडतो. गावात नव्याने आलेल्याला वाटतं, म्हाताऱ्याला खाली मान घालून चालायची खोड असावी. तसं काही नाही. एमिलची मान चांगली ताठ आहे. हे ओरडणं छप्पन साली सुरू झालं, सप्टेंबरच्या तीन तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास. आणि पहिल्यांदा जो ओरडला, त्याचं एमिलने आदल्याच दिवशी आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान केलं होतं.

एमिलचं काम वजनाचं. नदीकाठच्या धान्यकोठारावर मक्याचे ट्रक तोलायचा मोठा काटा होता, त्या काट्यावर तो बसे. सुई थरथरायची पूर्ण थांबेपर्यंत त्याच्या तोंडून आकडा निघत नसे. मागे ट्रकांची रांग लागलेली, शेतकरी घामाघूम, आणि हा सुईकडे टक लावून बसलेला. "अरे थांबली की ती!" कुणीतरी वैतागून म्हणे. "तुझ्यासाठी थांबली असेल," एमिल म्हणे, "माझ्यासाठी अजून हलतेय." लोक शिव्या देत, पण त्याने सांगितलेल्या आकड्यावर कुणी कधी वाद घातला नाही.

असा माणूस बेसबॉल क्लबला गुणलेखक म्हणून मिळाल्यावर दुसरं काय हवं? ऑल्डरपोर्ट ऑटर्स हा काही मोठा संघ नव्हता. खालच्या पायरीची लीग, लाकडी बाकांचं मैदान, उन्हाळाभर बसने या गावाहून त्या गावाला जाणारे खेळाडू. पण खेळ पगारी होता, त्याची नोंद लीगच्या कचेरीत जायची, आणि ती नोंद एकोणीस मोसम एमिलच्या हातची होती. स्टँडच्या छपरावर एक फळ्यांची खोली होती, तिथे तो बसे. बाकी गावांचे गुणलेखक पेन्सिल वापरत आणि खोडरबर कानामागे ठेवत. एमिल शाई वापरे. एकोणीस मोसमांत त्याच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, म्हणजे महिन्यातून दोनदाच सांगे.

गुणलेखकाचं सगळ्यात वाईट काम म्हणजे न्यायनिवाडा. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला, तर कशामुळे पोचला हे त्याने ठरवायचं. स्वतःच्या फटक्यामुळे पोचला तर ती हिट. समोरच्या खेळाडूने हातातला सोपा चेंडू घालवला म्हणून पोचला, तर ती त्या खेळाडूची चूक. आणि जमिनीवरून सरळ येणारा चेंडू खड्यावर आपटून भलतीकडे उसळला, तर ती कुणाचीच चूक नाही, तीही हिटच. चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या नावावर एक अक्षर जाणार, दुसऱ्याच्या नावावर डाग लागणार, आणि सगळं एका माणसाच्या डोळ्यांवर. एमिलला हे आवडायचं, पण सामन्याच्या रात्री त्याला जेवण कमी जायचं.

त्यात लॉनी टॅकेट त्याच्याच घरी राहायचा. क्लबचे बरेच खेळाडू असे गावकऱ्यांच्या माड्यांवर खोली घेऊन राहत. लॉनी केंटकीचा, सदतीस वर्षांचा, ऑटर्सचा सगळ्यात जुना पिचर. सतरा वर्षं तो कुठल्या ना कुठल्या गावासाठी चेंडू फेकत आला होता. वरच्या लीगमध्ये त्याने एकदाच दोन आठवडे काढले होते, तेही बहुतेक बाकावर बसून. व्रानांच्या माडीवर त्याचे चार उन्हाळे गेले. लुडमिला, एमिलची बायको, घरात सगळ्यांची लिडा, त्याचे मोजे रफू करायची आणि त्याच्या ताटात दोनदा वाढायची. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि लॉनीला घरदार नव्हतं; एवढं पुरे होतं. मात्र मैदानावर एमिल त्याच्याशी जरा जास्तच कडक वागे. शंका आली की निकाल लॉनीच्या विरुद्ध. मग लॉनी दोन दिवस जेवताना त्याच्याकडे मीठसुद्धा मागत नसे, लुडमिलाकडे मागायचा, मीठ एमिलच्या कोपराशी असलं तरी.

ऑगस्ट संपताना मॅनेजरने लॉनीला बाजूला घेतलं आणि पुढच्या वसंतात येऊ नकोस म्हणून सांगितलं. लॉनीने ही बातमी घरी बटाटे सोलता सोलता दिली.

"मेव्हण्याचा पेट्रोलपंप आहे," तो म्हणाला. "तिथे उभा राहीन. वाईट नाहीये. फक्त भिंतीवर टांगायला एखादी गोष्ट हवी होती, मिस लिडा. गिऱ्हाईक विचारतं ना, तू बेसबॉल खेळायचास का रे? तेव्हा नुसतं हो म्हणायचं आणि भिंतीकडे बोट करायचं. बास."

"तू गेलास की माडी कुणाला देऊ मी?" लुडमिला म्हणाली आणि उगाचच भांडी आपटायला लागली.

रविवारी, दोन सप्टेंबरला, मोसमाचे दोनच सामने उरले असताना लॉनी मेरिडिथच्या संघाविरुद्ध चेंडू फेकायला उभा राहिला. ऊन रणरणत होतं. पहिल्या तीन डावांत मेरिडिथला एकही हिट मिळाली नाही, तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. पाचव्या डावानंतरही हिटच्या रकान्यात शून्यच होतं, तेव्हा एमिलने खुर्ची पुढे ओढली. सहाव्यानंतर खेळाडूंच्या बाकावर लॉनीच्या शेजारून माणसं उठून गेली. असं चालू असताना पिचरशी बोलायचं नसतं, आणि जे चाललंय त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नसतं. लॉनी एकटाच टॉवेलने मान पुसत बसला. पूर्ण सामन्यात समोरच्याला एकही हिट न देणं हे कित्येक मोठमोठ्या पिचरांना जन्मात जमलेलं नाही. लॉनीला त्याची भिंत मिळणार होती.

छपरावरच्या खोलीत एमिलखेरीज एकच माणूस होता, मर्ल हॉचकिस. मर्लकडे लाउडस्पीकरचा माइक होता आणि मैदानाच्या टोकाला गुणफलकावर बसलेल्या माणसाशी बोलायचा फोन होता. एरवी त्याचं तोंड मिटत नसे. आठव्या डावापासून मात्र त्याने खुर्ची मागे टेकवून हॅट चेहऱ्यावर ओढून घेतली होती.

"मर्ल, पुढचं नाव पुकार."

"पुकारतो. पण बघणार नाही. सहाव्यात बघितलं तेव्हा त्याने एकाला फुकट बेस दिला. तू काय होतंय ते सांगत जा."

"मी काय तुझा रेडिओ आहे का?"

"एमिल, देवाशप्पथ, मी डोळे उघडले आणि काही झालं, तर गाव मला नदीत बुडवेल."

एमिलला हसायला आलं नाही. त्याने दोनदा पाणी प्यायलं, दोनदा पेनाचं निब पुसलं, उठून उभा राहिला आणि परत बसला. गुणलेखकाने कुणाची बाजू घ्यायची नसते हे त्याला एकोणीस वर्षं पाठ होतं, आणि आत्ता त्याला एवढंच कळत होतं, की अजून तीन माणसं बाद व्हायला हवीत. मग दोन.

नववा, म्हणजे शेवटचा डाव, एक बाद, ऑटर्स दोन विरुद्ध शून्य असे पुढे. मेरिडिथचा हब डोरान खेळायला आला. गुडघे झिजलेला जाडजूड गडी. धावायला लागला की मालगाडी सुटतेय असं वाटे. लॉनीने दुसरा चेंडू टाकला आणि डोरानने तो जमिनीलगत मारला, सरळ शॉर्टस्टॉपकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, आणि ऑटर्सचा शॉर्टस्टॉप होता देलियो रोके, क्यूबाहून आलेला, मांजरासारखा चपळ. सोपा चेंडू. देलियो उचलणार, पहिल्या बेसवरच्या माणसाकडे फेकणार, आणि डोरान तेव्हा अर्ध्या वाटेवरही नसणार, म्हणजे बाद. गुणलेखकाच्या वहीत खेळाडूंना नावं नसतात, जागेचे आकडे असतात. शॉर्टस्टॉप सहा, पहिला बेस तीन. असा चेंडू म्हणजे सहा-तीन. असे हजारो सहा-तीन एमिलने लिहिले होते. त्याचा हात डोक्याला विचारत नसे.

हाताने आत्ताही विचारलं नाही. चेंडू देलियोपासून दहा पावलांवर होता तेव्हाच एमिलने मान खाली घातली आणि शाईने ६-३ लिहिलं.

मग आवाज आला. बाद झाल्यावर टाळ्या वाजतात, तो आवाज नव्हे. दोन हजार माणसांनी एकदम श्वास आत ओढल्याचा.

एमिलने वर बघितलं. देलियो एका गुडघ्यावर होता. चेंडू त्याच्या मागे गवतात पडला होता. हब डोरान पहिल्या बेसवर उभा राहून धापा टाकत होता आणि स्वतःच चकित झालेला दिसत होता.

"काय झालं?" हॅटखालून मर्ल म्हणाला. "एमिल? काय झालं ते सांग ना!"

काय झालं हे एमिललाच माहीत नव्हतं. चेंडू देलियोच्या हातातून निसटला? पायाखालून गेला? उसळला? त्याने फक्त सुरुवात आणि शेवट बघितला होता, आणि मधलं अर्धं सेकंद, जेवढ्यासाठी क्लबने त्याला या खोलीत बसवलं होतं, ते त्याने वहीत बघत घालवलं होतं. आणि वहीत ओल्या शाईने लिहिलं होतं, की डोरान बाद आहे.

फोन वाजला. मर्लने हॅट काढली, मैदान बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "फलक विचारतोय. हिट का चूक?"

खालून लोक वळून वळून छपराकडे बघत होते. सगळं स्टँड मान वर करून एमिलकडे बघत होतं. लॉनी बघत नव्हता. तो पाठ फिरवून हातातल्या चेंडूवरची माती पुसत होता, कितीतरी वेळ.

"एमिल! काय सांगू?"

'बघितलं नाही,' असं तेव्हाच म्हणता आलं असतं. तीन शब्दसुद्धा लागले नसते. पण एकोणीस वर्षांचा ताठा असा भर सभेत वाकत नाही. आणि मन किती लबाड असतं बघा: देलियोसारखा खेळाडू, डोरानसारखा ठोंब्या, सोपा चेंडू, मी आधीच बाद लिहून बसलो म्हणजे किती सोपा असेल! असा चेंडू घालवला तर चूकच की. हा युक्तिवाद एमिलला त्या क्षणी अगदी बिनतोड वाटला.

"चूक," तो म्हणाला. "सहाची चूक."

फलकावर 'चूक' असा दिवा लागला आणि मैदान असं गरजलं, की छपराच्या फळ्या हलल्या. देलियोने छातीवर हात आपटून लॉनीला खूण केली, माझी, माझी. पुढच्या फलंदाजाने पुन्हा त्याच्याकडेच मारला. देलियोने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, तिथून पहिल्या बेसकडे, दोघे एका झटक्यात बाद. सामना संपला. या वेळी एमिलचं पेन अंपायरची मूठ वर जाईपर्यंत हवेत होतं. लोक कुंपणावरून उड्या टाकून आत धावले, लॉनीला खांद्यावर घेतलं. मर्ल माइकवर रडत होता.

एमिलने ६-३ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी चूक लिहिली. त्याच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शाई जरा पसरली.

नोंदीचा कागद सही करून सोमवारी टपालात टाकायचा असे, तोवर निकाल बदलायचा हक्क त्याचाच होता. सही करायला त्याने चारदा पेन टेकवलं. मग वही काखेत मारली आणि खाली मैदानात उतरला. शॉर्टस्टॉपच्या जागेजवळ तो वाकून माती बघायला लागला. खडा, खळगा, काहीतरी दिसेल. पण मैदानवाल्याने तेवढ्यात जाळी फिरवून सगळं सपाट केलं होतं.

"काय हरवलं, एमिल?" मैदानवाल्याने विचारलं.

"काही नाही रे."

मग तो खेळाडूंच्या खोलीत गेला. एकोणीस वर्षांत त्या दारातून तो कधी आत गेला नव्हता. गुणलेखकाने जायचं नसतं. आत बिअर उडत होती, लॉनीला कुणीतरी बर्फाच्या टबात ढकललं होतं. देलियो कोपऱ्यात अंगात शर्ट चढवत होता.

"देलियो, तो चेंडू. काय झालं त्याचं?"

"माझी चूक, डॉन एमिल." डॉन म्हणजे त्याच्याकडचं आदराचं संबोधन. तो घाईघाईने गुंड्या लावायला लागला. "हात आला नाही खाली. झोपलो मी."

"शर्ट काढ."

"कशाला?"

"काढ म्हणतो ना."

देलियोने काढला नाही, पण वरची गुंडी लागायची होती. गळ्याच्या खाली, हाडावर, लालभडक गोल उठला होता, आणि त्यात चेंडूच्या शिवणीचे टाके मोजता येतील असे उमटले होते. खाली वाकलेल्या माणसाच्या गळ्याशी जमिनीवरचा चेंडू आपण होऊन येत नाही.

"हे जुनं आहे," देलियो म्हणाला.

"जुनं? अजून सुजतंय."

देलियोने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉन एमिल, माझ्या या वर्षी अकरा चुका. आता बारा. मला काय फरक? माझे पुढे खूप दिवस आहेत. त्याला आज एकच." मग त्याने ती गुंडी लावली. "तुम्ही काही बघितलं नाही."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो किती खरं बोलत होता.

एमिल घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. लुडमिलाने डुकराचं मांस भाजलं होतं, पिठाचे गोळे उकडले होते, आंबट कोबी केली होती, आणि सणालाच करायची ते आलुबुखार भरलेले गोड पाव, कोलाचे, टेबलावर होते. सामन्याचा चेंडू, सगळ्या संघाच्या सह्या असलेला, तिने काचेच्या चांगल्या भांड्यात ठेवला होता, जणू काही फळच. लॉनी आंघोळ करून स्वच्छ शर्टात बसला होता, पण जेवत नव्हता. काट्याने गोळा इकडून तिकडे ढकलत होता.

एमिल तर बसेचना. त्याने घड्याळाला चावी दिली, जी सकाळीच दिली होती. पडवीत जाऊन आला. खिडकी उघडली, लावली.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" लुडमिला म्हणाली. "बस की एका जागी! आणि तू रे, तू का खात नाहीस? आजच्या दिवशी दोघांनी तोंडं कसली पाडलीत?"

"लॉनी," एमिल उभ्याउभ्याच म्हणाला, "मी तो चेंडू बघितला नाही."

लॉनीने मान वर केली.

"डोरानचा. मी खाली बघत होतो. सहा-तीन लिहीत होतो. वर बघितलं तेव्हा तो बेसवर होता."

मग लॉनीने काटा ताटात ठेवला. "तू बघितलाच नाहीस?"

"नाही."

"म्हणजे तू माझ्यासाठी खोटं लिहिलं नाहीस."

"मला काय लिहितोय तेच कळत नव्हतं!"

"अरे माणसा!" लॉनीने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मला वाटलं तू बघितलंस. बघून, कळून, माझ्यासाठी वहीत घाण केलीस. त्यांनी मला खांद्यावर उचललं ना, तेव्हा माझ्या डोक्यात एकच, आता याच्या घरी घास गिळायचा कसा. चार वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली मी, अरे, पण तू कधी..." तो थांबला.

"उसळला होता का तो?" एमिलने विचारलं.

इथे लॉनी 'नाही' म्हणाला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. पिचर सगळ्यात जवळ असतो. त्याच्या शब्दावर एमिलने खुशाल सही केली असती आणि लुडमिलाने कोलाचे वाढले असते. लॉनीने काचेच्या भांड्यातल्या चेंडूकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"उसळला," तो म्हणाला. "पोराच्या गळ्यावर बसला. हिट होती ती, एमिल."

तो उठला, पडवीत गेला, आणि पडवीच्या पायरीला त्याने अशी लाथ मारली की फळी निखळली. मग केंटकीतल्या सगळ्या शिव्या त्याने नदीच्या दिशेने दिल्या. संत वगैरे नव्हता तो. सदतीस वर्षांचा, परवापासून पेट्रोल भरायला जाणारा माणूस होता.

लुडमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "तू गप्प बसला असतास तर कुणाचं काय बिघडलं असतं? एक अक्षर! एका अक्षरासाठी त्याच्या तोंडचा घास काढलास!"

"मला नाही बसता आलं गप्प, लिडा."

"नाही येणार. तुझी ती सुई! हलतेय अजून, नाही का?"

सकाळी लॉनीची खोली रिकामी होती. पलंग नीट आवरलेला, पेटी बांधून भिंतीशी ठेवलेली. नाश्ता न करताच तो गेला होता, चार वर्षांत पहिल्यांदा. चेंडू भांड्यातच होता.

तो दिवस कामगार दिनाच्या सुटीचा, मोसमातला शेवटचा सामना. एमिल मैदानाकडे निघाला तेव्हा बेकरीच्या काचेत लॉनीच्या सन्मानार्थ चाकाएवढा गोल पाव मांडला होता, मधे मोठं भोक: हिटचं शून्य. बेकरीवाल्याने आतून हात हलवला. एमिलने टोपीला हात लावला आणि न थांबता पुढे गेला. मैदानावर तीन हजार माणसं आली होती. लॉनी खाली बाकावर टोकाला बसला होता. त्याने छपराकडे एकदाही बघितलं नाही.

एमिलने मर्लच्या हातात कागद दिला. मर्लने वाचला आणि तो घाबरला.

"वेड लागलंय का तुला? हे मी वाचणार नाही. नुसतं म्हणतो, निकाल बदलला. कारण कशाला?"

"कारण वाच."

"तुला फाडून खातील रे!"

"वाच, मर्ल. नाहीतर माइक इकडे दे."

मर्लने घसा साफ केला. सगळ्या मैदानावर त्याचा आवाज घुमला. काल नवव्या डावात हब डोरानने मारलेल्या चेंडूला चूक दिली होती, ती आता हिट धरावी. गुणलेखक एमिल व्राना यांनी तो चेंडू बघितला नव्हता. चेंडू पोचायच्या आधीच ते मान खाली घालून वहीत सहा-तीन लिहीत होते.

आधी एकाने हूट केलं, मग सगळ्यांनी. कागदी पेले उडाले, शेंगदाण्यांची पिशवी खोलीच्या फळीवर फुटली. "आंधळा!" "उतर खाली!" "चोर!" ज्यांचे मक्याचे ट्रक तो वीस वर्षं तोलत होता, तेच लोक. एमिल उभा राहिला. बसून ऐकणं त्याला बरं दिसेना. त्याचे कान तापले होते आणि त्याला एवढंच वाटत होतं, की हे सगळं बरोबर आहे, यांचं काही चुकत नाही.

तेवढ्यात खाली लॉनी बाकावरून उठला. सावकाश चालत तो मैदानात आला, अगदी सगळ्यांना दिसेल असा, आणि छपराकडे तोंड करून थांबला. लोक त्याला बघून गप्प होत गेले. आता हा काय बोलणार हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. त्याचा हक्कच होता. लॉनीने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि केंटकीच्या त्या लांबलचक हेलात, नदीपलीकडे जाईल असा ओरडला,

"अरे ए एमिल! वर बघ की रे!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पहिल्या बेसच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. हसू बाकांवरून सरकत सरकत सगळ्या स्टँडभर पसरलं, आणि थोड्या वेळाने तीन हजार माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडत होती, "वर बघ, एमिल! वर बघ, एमिल!" देलियोसुद्धा ओरडत होता, गळ्याला पट्टी बांधलेली. लॉनीने टोपी उतरवून छपराच्या दिशेने हलवली आणि बाकावर जाऊन बसला. या वेळी त्याच्या शेजारी माणसं बसली.

अंपायरने खेळ सुरू करायची खूण केली. ऑटर्सच्या पिचरने पहिला चेंडू फेकला. एमिल परत खुर्चीत बसला होता, नवं पान उघडलेलं, पेन हातात.

"मर्ल," त्याने हळूच विचारलं, "काय होता तो? स्ट्राइक होता का?"

मर्लने वळून त्याच्याकडे बघितलं. "होय. स्ट्राइक."

एमिलने तसं लिहिलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तो चेंडू त्याला दिसलाच नव्हता, आणि या वेळी तो पूर्ण वेळ वरच बघत होता.